दोन तोंडांचा जानस आणि गलबताची नाळ: रोमची काशाची नाणी कशी वाचायची

एका नाण्याचं वजन पाव किलोहून जास्त. रुंदी साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे तळहात जवळजवळ भरतो. एका बाजूला दाढीवाला देव, पण त्याला चेहरे दोन: एक डावीकडे बघणारा, एक उजवीकडे. दुसऱ्या बाजूला लढाऊ गलबताचा पुढचा भाग, आपल्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेत ‘नाळ’. इ.स.पू. 225 च्या सुमारास रोममध्ये ओतलेलं हे नाणं म्हणजे ‘आस’. साधारण एकशेचाळीस वर्षांनी त्याच शहरात त्याच नावाचं नाणं बारा-तेरा ग्रॅमवर येऊन ठेपलं होतं. देव तोच, गलबत तेच, नावही तेच.

धातू विसाव्या हिश्श्यावर आला आणि चित्र जागचं हललं नाही, ही गोष्ट मला रोमन प्रजासत्ताकाच्या अख्ख्या अर्थकारणात सगळ्यात महत्त्वाची वाटते. लोकांचा भरवसा धातूच्या वजनावरून हळूहळू त्यावरच्या छापावर कसा सरकला, हे काशाच्या नाण्यांइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. संग्रहालयात चांदीच्या देनारियससमोर गर्दी होते. पण बाजारात, खाणावळीत आणि हमामखान्यात हातोहात फिरायची ती कांस्याचीच नाणी.

नाणी येण्याआधी मध्य इटलीत कांस्याचे नुसते तुकडे चालत. ओबडधोबड, ना आकार ना छाप. तराजूत टाकायचे, वजन करायचं आणि व्यवहार मिटवायचा. हे तुकडे कसे वापरले जात, याचा सुंदर पुरावा रोमच्या वायव्येला ब्राच्चानो तळ्याकाठी विकारेल्लो इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यात मिळाला. 1852 मध्ये तिथल्या स्नानगृहाचं काम चालू असताना झऱ्याच्या तळाशी शतकानुशतकं भाविकांनी वाहिलेल्या वस्तूंचे थर सापडले. वर सम्राटांच्या काळातली नाणी, त्याखाली प्रजासत्ताकाची, त्याखाली जड ओतीव नाणी आणि त्याहूनही खाली ते अनघड तुकडे. इतिहासकारांनी ग्रंथांतून जुळवलेला क्रम त्या झऱ्यानं जसाच्या तसा जपून ठेवला होता.

तुकड्यांनंतर आल्या लाद्या. साधारण पाच रोमन पौंडांची, म्हणजे दीड किलोहून जड अशी आयताकृती लादी, दोन्ही बाजूंना चित्र. बैल, त्रिशूळ, जहाजाचा नांगर, दाणे टिपणाऱ्या कोंबड्या, तलवार आणि म्यान अशी ही चित्रं आहेत. त्यातली एक लादी फार बोलकी आहे. तिच्या एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला डुकरीण. रोमनांनी हत्ती पहिल्यांदा पाहिला तो एपिरसचा राजा पिऱ्हस याच्याशी इ.स.पू. 280 मध्ये झालेल्या लढाईत. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर ग्रीक राजांच्या फौजांत भारतातले हत्ती दाखल झाले होते आणि पिऱ्हसचे हत्ती त्याच परंपरेतले. पुढे ईलियन नावाच्या लेखकानं लिहून ठेवलं आहे की डुकरांच्या किंचाळण्यानं पिऱ्हसचे हत्ती बिथरले. ही हकीकत खरीच घडली असेल असं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण लादीवर हे दोन प्राणी पाठीला पाठ लावून उभे आहेत आणि लादीचा काळही त्याच युद्धाच्या आसपासचा आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये तिचा एक नमुना आहे. या लाद्या पुष्कळदा फोडलेल्या सापडतात, म्हणजे छाप उमटवूनही त्या तराजूतच चालत होत्या.

खरी गोल नाणी सुरू झाली ती याच सुमारास, इ.स.पू. 280 नंतर. त्यांचा हिशोब आपल्याला परका वाटायला नको. रुपया-आणे-पैच्या काळात बारा पैचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया होता. रोमचा आस बारा उंकियांचा होता आणि पुढे चांदीचा देनारियस सोळा आसांचा झाला. बारा हा आकडा बाजाराच्या सोयीचा असतो, कारण त्याचे निम्मे, तिसरा, चौथा, सहावा असे सगळे हिस्से पूर्णांकात निघतात. रोमनांनी त्या प्रत्येक हिश्श्याचं वेगळं नाणं केलं. अर्ध्या आसाचा सेमिस, तिसऱ्या हिश्श्याचा ट्रिएन्स, पाव आसाचा क्वाड्रन्स, सहाव्या हिश्श्याचा सेक्स्टन्स आणि शेवटी बारावा हिस्सा म्हणजे उंकिया.

आता यातलं कुठलं नाणं कुठलं, हे माणसानं ओळखायचं कसं? रोमनांनी काढलेली युक्ती साधी होती. नाण्यावर टिंबं द्यायची. चार टिंबं म्हणजे चार उंकिया, अर्थात ट्रिएन्स. तीन टिंबं क्वाड्रन्सची, दोन सेक्स्टन्सची, एक उंकियाचं. सेमिसवर ‘एस’ हे लॅटिन अक्षर आणि आसावर एक उभी रेघ. उठावाची गोल टिंबं बोटालाही लागतात. अक्षर न ओळखणाऱ्या शेतकऱ्याला किंवा दुसऱ्या भाषेच्या व्यापाऱ्याला ती मोजता आली की पुरे. नाणं कसं असावं याचा इतका समंजस विचार त्या काळात क्वचित दिसतो.

सुरुवातीच्या एका मालिकेतली चित्रं तर घरातल्या वस्तूंसारखी आहेत. क्वाड्रन्सवर उघडा पंजा आणि जवाचे दोन दाणे. ट्रिएन्सवर वज्र आणि डॉल्फिन. सेक्स्टन्सवर शिंपला. उंकियावर मेंढीच्या घोट्याचं हाड, जे मुलं फाशासारखं खेळायला वापरत. पंज्याचा नेमका अर्थ काय यावर अभ्यासकांनी बरीच चर्चा केली आहे. मला त्यापेक्षा ती बोटं ज्या जाडजूड, ठाशीव हातानं साच्यात कोरली गेली ती कारागिरी जास्त धरून ठेवते. पाव आसाचं हे नाणं ऐंशी ग्रॅमचं. त्यावरचा पंजा नाजूक नाही, पण दुरूनही ओळखू येतो.

मग इ.स.पू. 225 च्या सुमारास ती मालिका आली जिनं रोमच्या कांस्य नाण्यांचा चेहरा कायमचा ठरवला. मागची बाजू सगळ्यांची एकच: गलबताची नाळ. पुढची बाजू किमतीप्रमाणे वेगळी. आसावर जानस. सेमिसवर सॅटर्न, डोक्याला पानांचा मुकुट. ट्रिएन्सवर शिरस्त्राण घातलेली मिनर्व्हा. क्वाड्रन्सवर सिंहाचं कातडं डोक्यावरून ओढलेला हर्क्युलीस. सेक्स्टन्सवर पंखांची टोपी घातलेला मर्क्युरी, जो व्यापाराचा देव. उंकियावर शहराचीच देवता, रोमा. म्हणजे टिंबं झिजली तरी देवावरून किंमत कळायची आणि देव झिजला तरी टिंबांवरून.

जानस हा दारांचा आणि आरंभाचा देव. घरातून बाहेर जाणारं आणि घरात येणारं असं दोन्ही एकाच वेळी बघणारा, म्हणून दोन चेहरे. रोमन पूजेत आवाहन करताना त्याचं नाव आधी घेत. हिशोबाच्या मुख्य नाण्यावर त्याला बसवलं हे त्यामुळे स्वाभाविकच.

पण गलबत का? रोम हे मुळात शेतकऱ्यांचं आणि पायदळाचं शहर. समुद्रावर ते उशिरा उतरलं, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजशी झालेल्या पहिल्या युद्धात, इ.स.पू. 264 ते 241 या काळात. इ.स.पू. 260 मध्ये मायली इथे गायस डुइलियसनं कार्थेजचं आरमार हरवलं आणि इ.स.पू. 241 मध्ये सिसिलीच्या पश्चिमेला एगादी बेटांजवळच्या लढाईनं युद्ध संपलं. ज्यांच्या गाठीशी समुद्राची परंपरा नव्हती, त्यांनी त्या काळातल्या सर्वांत बलाढ्य आरमाराला पाणी पाजलं. एका पिढीच्या आतच नाण्यावर नाळ आली. ती शत्रूच्या जहाजांची लूट दाखवते की रोमच्या स्वतःच्या आरमाराचा अभिमान, यावर मतं वेगळी आहेत, पण तिच्यामागे तो विजय आहे हे बहुतेकांना मान्य आहे.

नाण्यावरच्या या नाळेकडे जरा जवळून पाहावं. खाली, पाण्याच्या रेषेवर, पुढे आलेलं एक टोक दिसतं आणि त्याला एकावर एक अशा आडव्या धारा असतात. शत्रूच्या जहाजाच्या कुशीत मुसंडी मारण्याचं हे काशाचं टोक. कित्येक वर्षं ते लोकांनी नाण्यांवर आणि शिल्पांतच पाहिलं होतं. या शतकाच्या सुरुवातीपासून पुरातत्त्वज्ञ सेबास्तियानो तूसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एगादी बेटांजवळचा समुद्रतळ तपासायला घेतला आणि त्या इ.स.पू. 241 च्या लढाईतलीच टोकं वर यायला लागली. आता त्यांची संख्या वीसच्या वर गेली आहे. त्यांना तशाच तीन आडव्या धारा आहेत. काहींवर रोमन क्वेस्टरांची, म्हणजे सरकारी पैशांचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्यांची नावं आहेत, तर एकावर प्यूनिक, म्हणजे कार्थेजच्या लिपीतला मजकूर. नाण्यावरचं चित्र काल्पनिक नव्हतं, तो एका खऱ्या हत्याराचा नेमका आराखडा होता. आणि ते हत्यारही त्याच धातूचं.

पुढच्या पिढ्यांना मात्र हा अर्थ राहिला नाही. ऑव्हिड हा कवी प्रत्यक्ष जानसलाच विचारतो की तुझ्या नाण्यावर एकीकडे गलबत आणि दुसरीकडे दोन डोकी का? देव म्हणतो, माझा चेहरा तुला ओळखू आला असता, पण नाणंच काळानं झिजून गेलंय. आणि गलबताबद्दल सांगतो की सॅटर्न जहाजातून इथे आला, त्याची ती आठवण. ऑव्हिड लिहीत होता तो सम्राट ऑगस्टसच्या काळात, म्हणजे जुने झिजलेले आस तेव्हाही लोकांच्या हातात होते, हे या ओळींतून जाता जाता कळतं. आणखी चारशे वर्षांनी मॅक्रोबियस या लेखकानं नोंदवलं आहे की मुलं नाणं उडवताना ‘डोकी की गलबतं’ असं ओरडतात. तोपर्यंत नाण्यांवर गलबत येणं कधीच बंद झालं होतं. छापा-काट्याच्या खेळात ते टिकलं.

ही जड नाणी पाडलेली नव्हती, ओतलेली होती. साच्याचे दोन भाग एकमेकांवर बसवायचे, एकाला एक जोडलेल्या खळग्यांतून वितळलेला धातू सोडायचा, थंड झाल्यावर नाणी तोडून वेगळी करायची. तोडल्याची खूण कडेला अजून दिसते. धातू म्हणजे तांबं आणि कथील, वर भरपूर शिसं. शिशामुळे रस पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यात जातो. पुढे वजन उतरल्यावर ठोकून नाणी पाडणं सोपं झालं: चकती तापवायची, खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घण घालायचा. इ.स.पू. 46 मधल्या टायटस कॅरिसियसच्या चांदीच्या नाण्यावर ऐरण, चिमटा, हातोडा आणि ठसा ही टाकसाळीतली सगळी अवजारं कोरलेली आहेत. टाकसाळ होती कॅपिटोलिन टेकडीवर, जूनो मोनेटा देवीच्या देवळाशी. तिथल्या तीन अधिकाऱ्यांच्या हुद्द्याचं पूर्ण नावच ‘कांसं, चांदी आणि सोनं ओतण्यासाठी व पाडण्यासाठी नेमलेले तिघे’ असं होतं. कांसं पहिलं, आणि ओतणं पाडण्याच्या आधी. जुना क्रम त्या नावात गोठून राहिला.

वजन उतरलं ते कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्यामुळे. इ.स.पू. 218 मध्ये त्यानं आल्प्स ओलांडले. 217 मध्ये त्रासिमेने तळ्याकाठी आणि 216 मध्ये कॅनीच्या मैदानावर रोमच्या फौजा अक्षरशः कापल्या गेल्या. नवी सैन्यं उभी करायची, त्यांचे पगार भागवायचे आणि आरमारही चालवायचं, तर इतकं कांसं आणायचं कुठून? 217 च्या सुमारास आस निम्म्यावर आला, एकशेतीस ग्रॅमच्या आसपास. तिथेही तो थांबला नाही. दर थोड्या काळानं आणखी उतरत 211 च्या सुमारास चोपन्न ग्रॅमवर आला. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की 215 मध्ये स्पेनमधल्या सैन्याला लागणारा माल ठेकेदारांनी उधारीवर पुरवला, आणि 210 मध्ये सेनेटच्या सभासदांनी आपलं सोनं, चांदी, नाणी खजिन्यात आणून दिली. कुटुंबप्रमुखानं घरात ठेवायच्या नाण्यांची मर्यादा होती पाच हजार आस.

याच धामधुमीत चांदीचा देनारियस जन्मला, दहा आसांचा, म्हणून त्यावर दहाचा रोमन आकडा. तो नक्की कधी आला यावर फार वाद होते, कारण प्लिनी या रोमन लेखकानं दिलेली तारीख अर्ध्या शतकाहून अधिक आधीची होती. तो वाद सिसिलीतल्या मॉर्गान्तिना या गावानं सोडवला. रोमनांनी हे गाव इ.स.पू. 211 मध्ये उद्ध्वस्त केलं. विसाव्या शतकातल्या उत्खननात त्या विध्वंसाच्या थराखाली अगदी नवेकोरे देनारियस मिळाले. जुनी तारीख खरी असती तर ते झिजलेले असायला हवे होते.

सिसिलीतच टाकसाळीची घाई कशी होती तेही दिसतं. तिथे पाडलेल्या, कणसाची खूण असलेल्या कितीतरी सेक्स्टन्सांवर मर्क्युरीच्या टोपीखालून दुसरंच काहीतरी डोकावतं. सिराक्यूजचा राजा हिएरॉन याच्या नाण्यांवरचा पोसायडन आणि त्याचा त्रिशूळ. नवीन चकत्या ओतायला वेळ नव्हता. शत्रूच्या बाजूला गेलेल्या शहराची नाणी घेतली, तापवली आणि त्यांच्यावरच रोमचा छाप मारला. एखादा नमुना तिरका धरला की दोन्ही चित्रं दिसतात, एक ठळक, एक दबलेलं.

प्रश्न असा की वजन चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर आलं तरी लोकांनी नाणं घेतलं कसं? युद्धाची सक्ती होतीच आणि किमतीही वाढल्या असणार. पण चित्र, टिंबं, नाव यांना हात न लावण्यातला शहाणपणा मला तितकाच मोठा वाटतो. जानस आणि नाळ असलेलं नाणं म्हणजे आस, हे एकदा हाताला ठाऊक झालं की दर खेपेला तराजू काढावा लागत नाही. सैनिकाला त्याच नावाच्या नाण्यात पगार मिळत होता आणि दुकानदार त्याच नावानं भाव सांगत होता.

इ.स.पू. दुसऱ्या शतकात आस आणखी उतरून सत्तावीस ग्रॅमच्या आसपास आला आणि इ.स.पू. 141 च्या सुमारास देनारियस सोळा आसांचा झाला. या काळात आसात काय मिळायचं? ग्रीक इतिहासकार पोलिबियस सांगतो की उत्तर इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यात धान्य इतकं स्वस्त होतं की खाणावळीत पदार्थांचे वेगवेगळे भाव विचारत नसत. माणशी दिवसाचा दर ठरलेला, अर्धा आस, त्यात सगळं आलं. रोममध्ये सार्वजनिक हमामात अंघोळीला एक क्वाड्रन्स लागे. होरेसच्या कवितेत तो उल्लेख आहे. तीन टिंबांचं, हर्क्युलीसचं नाणं दाराशी द्यायचं आणि आत जायचं.

आता नाळेच्या वरच्या मोकळ्या जागेकडे वळू. अभ्यासकांची खरी मौज इथे आहे. सुरुवातीला तिथे काहीच नसे. मग टाकसाळीची खूण आली: कणीस, किंवा लुसेरिया या गावचं पहिलं अक्षर. मग नाणी पाडणाऱ्या अधिकाऱ्याची खूण: जहाजाचा नांगर, चांदणी, चंद्रकोर, डॉल्फिन. मग त्याच्या नावाची अक्षरं एकात एक गुंफून, आणि शेवटी सरळ नाव. अधिकारी तरुण असत, मोठ्या घराण्यांतले असत आणि पुढे निवडणूक लढवणारे असत. इ.स.पू. 127 च्या मार्कस मेटेलसनं नाळेशेजारी मॅसिडोनियन ढाल घातली, तिच्या मधोमध हत्तीचं डोकं. ढाल ही मॅसिडोनिया जिंकणाऱ्या वडिलांची आठवण, हत्ती हा इ.स.पू. 250 मध्ये सिसिलीत कार्थेजचे हत्ती पकडणाऱ्या पूर्वजाचा. पन्नास पैशांएवढ्या जागेत दोन पिढ्यांचा पराक्रम.

मार्कियस सेन्सोरिनस इ.स.पू. 88 मध्ये त्याहून पुढे गेला. त्यानं जानसलाच उठवलं. त्याच्या आसावर नूमा आणि अंकुस मार्कियस या रोमच्या दोन प्राचीन राजांची डोकी आहेत, कारण मार्कियस घराणं स्वतःला त्या राजांचे वंशज म्हणवत असे. मागे दोन कमानी, एकीखाली खांबावर उभी विजयदेवता आणि दुसरीखाली गलबताची नाळ: अंकुसनं वसवलेलं ओस्तिया बंदर. तोवर एका कायद्यानं आसाचं वजन अर्ध्या उंकियावर आणलं होतं.

त्यानंतर थोड्याच वर्षांत रोमनं कांस्याची नाणी पाडणंच सोडलं, ते जवळजवळ चाळीस वर्षं. गरज मात्र थांबली नाही. इटलीतल्या पाँपेई शहरात लोकांनी स्पेनजवळच्या इबिसा बेटावरची छोटी कांस्य नाणी चालवली, ज्यांच्यावर बेस नावाचा ठेंगणा देव असे. ही परदेशी नाणी पुरेनात तेव्हा त्यांच्या नकला गावातच पाडल्या. सुट्ट्यासाठी सरकार हात वर करतं तेव्हा गाव आपली सोय करून घेतं.

जानस परतला तो यादवी युद्धात. सेनापती पाँपीचा धाकटा मुलगा सेक्स्टस यानं इ.स.पू. 45 नंतर स्पेन आणि सिसिलीत आस पाडले. पुढे दोन तोंडांचं डोकं, मागे नाळ, सगळं जुन्या वळणाचं. फक्त दोन्ही चेहरे त्याच्या वडिलांचे होते. जिवंत माणसाच्या तोंडवळ्याची नाणी तेव्हा नुकतीच रूढ होत होती. मेलेल्या बापाला देवाच्या जागी बसवणं हा त्यातला सगळ्यात धीट प्रकार, आणि त्यासाठी सेक्स्टसनं निवडलं ते शेतकऱ्या-सैनिकांच्या ओळखीचं नाणं.

ऑगस्टसनं कांस्याची व्यवस्था नव्यानं मांडली. चार आसांचा सेस्टर्शियस पितळेचा झाला, आस शुद्ध तांब्याचा, अकरा ग्रॅमच्या आसपासचा. पण गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, आणि ऱ्हाईनकाठच्या छावण्यांत प्रजासत्ताकाचे जुने, जाड आस अजून चलनात होते, कितीही झिजले तरी नव्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचे. तिथल्या सैनिकांनी छिन्नीनं त्यांचे दोन तुकडे केले. कितीतरी तुकड्यांवर हा घाव जानसच्या दोन चेहऱ्यांच्या मधोमध बसलेला दिसतो. अर्ध्या तुकड्याचं वजन नव्या आसाच्या आसपास भरतं, म्हणून काही अभ्यासक तो तुकडा पूर्ण आस म्हणूनच चालत असावा असं मानतात. इतरांच्या मते तो अर्धा आसच, लहान सुट्ट्याची टंचाई भागवायला केलेला. मला पहिलं म्हणणं ओढतं, कारण तसं असेल तर छावणीतल्या त्या माणसानं टिंबं आणि देव बाजूला ठेवून पुन्हा वजनच धरलं होतं.